रेषेनंतरची दहा मिनिटं

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहिल्यांदा माझ्या मैदानावर येतात, तेव्हा त्यांचं सगळं लक्ष माझ्या हातातल्या घड्याळाकडे असतं. जीव तोडून पळतात, रेषा ओलांडतात आणि तिथेच मातीत आडवी होतात. आडवं होणं हा त्यांना मेहनतीचा पुरावा वाटतो. मी म्हणते, "ऊठ. चाल." मग मुलगा माझ्याकडे असं बघतो की मी त्याच्या सात पिढ्यांची वैरीण असावे. माझं काम तिथून सुरू होतं.

घाटंजीच्या एका शाळेत मी सगळी नोकरी खेळाची शिक्षिका म्हणून केली. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून गावाबाहेरच्या मैदानावर सकाळी भरतीची पोरं घेऊ लागले. पळायला कुणाला शिकवावं लागत नाही. पळून झाल्यावर काय करायचं, हे सांगण्यात मात्र माझा घसा गेला. बाहेरच्यांना साध्या शब्दांत सांगते. पळताना पाय मजबूत होत नाहीत, झिजतात. ते भरून येतात नंतर, तुम्ही खाता-झोपता तेव्हा. म्हणून रेषा ओलांडल्यावर दहा मिनिटं चालायचं, बसायचं नाही. पाणी घटाघटा ओतायचं नाही, लिंबू-मीठ-साखर घालून घोट घोट प्यायचं. घामाचे कपडे बदलायचे. अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलं पाहिजे, भिजवलेले चणे, शेंगदाणे-गूळ, केळं, जे असेल ते. घरी गेल्यावर भिंतीला पाय लावून दहा मिनिटं पडायचं. एक दिवस जोराचं पळणं झालं की दुसरा दिवस हलका. आणि रविवारी पूर्ण आराम.

यातलं एकही काम अवघड नाही, तरी ते करायला आमच्याकडे कुणी तयार नसतं. आमच्या भागात "दिवसभर पडून राह्यली" ही शिवी आहे.

प्रत्येकाला मी एक वही करायला लावते. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजून लिहायची. नाडी नेहमीपेक्षा जास्त असेल, तर कालचा थकवा अजून अंगात आहे असं समजायचं. दुसऱ्या रकान्यात लघवीचा रंग, कारण पाणी कमी पडलं की सगळ्यात आधी तिथे कळतं. या रकान्यावरून एका मुलीचे वडील वही हातात घेऊन माझ्या दारात आले होते. "मॅडम, पोरीले हे असं कायले लिहाले लावता? लग्न जमवाले बसलो त पाव्हने वही पाह्यतीन ना!" मी म्हटलं, "वही लपवा, पण पाणी पाजा." महिन्याभरानं तेच मला बाजारात गाठून हळूच विचारत होते, "मॅडम, माह्याई पिवळीच होते. काई औषध हाय काय?"

दुसऱ्या एकानं मोबाईलवर पाहिलं की मोठे धावपटू बर्फात बसतात. हा बाजारातून बर्फाची लादी घेऊन गेला आणि घरच्या म्हशीच्या टाक्यात टाकून वर स्वतः बसला. तीन दिवस शिंका, आणि म्हैस पाण्याला तोंड लावेना. असले नमुने मी हसत हसत सांभाळले. ज्याच्या आठवणीनं हसू येत नाही असाही एक आहे.

अंकुश राळेगावकडचा. इथे खोली करून राहत होता. लांब ढांगांचा, कमी बोलणारा. माझ्या मैदानावर त्याच्याइतका चांगला पळणारा मी दुसरा पाहिला नव्हता. भरतीच्या महिनाभर आधी त्याचा वेळ घसरू लागला. मी याला आळस म्हटलं आणि रोज दोन फेऱ्या वाढवल्या. एकदा तो म्हणाला, "मॅडम, नळीवर एका जागी दुखते. इथंच." आणि त्यानं नडगीवर एक बोट ठेवलं. मी म्हटलं, "एवढ्या एका बोटाचं काय कौतुक सांगतोस!" भरतीच्या मैदानात तिसऱ्या फेरीला त्याच्या पायाचं हाड तडकलं. कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या मला त्याची किंकाळी ऐकू आली. आज तो यवतमाळला ऑटो चालवतो. मी दिसले की ऑटो थांबवतो आणि मला दारापर्यंत सोडल्याशिवाय जात नाही. त्यानं मला एकदा तरी चार शब्द सुनवायला हवे होते, असं मला नेहमी वाटतं.

तेव्हापासून मी कुणाच्याही पायाचं दुखणं बोटानं तपासते. तळहाताएवढ्या जागेत दुखत असेल तर बहुधा स्नायू, तो बरा होतो. दुखणं एका बोटाखाली मावत असेल तर हाड, आणि मग सगळं थांबवायचं.

आता वैशालीचं सांगते.

वैशाली राठोड घाटंजीपासून दोन कोसांवरच्या तांड्यावरची. पहाटे सायकलनं यायची. आधीच्या भरतीत एका गुणानं हुकली होती. तिचे वडील नाहीत, घरी फक्त याडी, म्हणजे आई. दरवर्षी दिवाळीनंतर याडी तांड्यातल्या लोकांसोबत ऊसतोडीला जायची, आणि वैशालीही. त्या वर्षी पोरीचा सराव बुडू नये म्हणून याडी गेली नाही. इथेच लोकांच्या वावरात कापूस वेचून तिनं घर चालवलं. पण तिनं पोरीला सांगितलंही होतं, "हे एक साल मी थांबते. नाई झालं त पुढच्या सालापासून कोयता." याडी शब्दाची पक्की आहे हे वैशालीला माहीत होतं.

मुलींना आठशे मीटर असतं. दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलं तर पूर्ण गुण. दिवाळीत वैशाली दोन चव्वेचाळीसला येत होती. मी मनातल्या मनात तिला वर्दी चढवून मोकळी झाले होते. मग कापसाचा हंगाम भरात आला आणि तिचा वेळ वाढत गेला. दोन अठ्ठेचाळीस, दोन त्रेपन्न, दोन सत्तावन्न. सोमवारचा वेळ तर नेहमीच सगळ्यात वाईट. वहीत पाहिलं तर सोमवारची नाडीसुद्धा सगळ्यात जास्त. हे उलटंच होतं. रविवारच्या आरामानंतर मुलं सोमवारी वाऱ्यासारखी सुटतात.

"रविवारी आराम केला ना?" मी विचारायचे.

"हो मॅडम, पूरा आराम."

ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. पण मला संशय आला की ही माझ्या चोरून रविवारी तांड्याच्या रस्त्यावर पळते. घाबरलेली मुलं असं करतात. मी दोनदा दरडावून विचारलं, तिनं दोन्ही वेळा याडीची शपथ घेतली.

भरतीचं मैदान नऊ दिवसांवर आलं होतं. बुधवार होता. वैशालीनं रेषा ओलांडली आणि शिकवल्याप्रमाणे चालू लागली. मी मागून बघत होते. डावा पाय ती किंचित हलक्यानं टेकत होती. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. मी तिला खाली बसवलं आणि नडगीवरून बोट फिरवत खाली आणलं. घोट्याच्या चार बोटं वर तिनं झटक्यानं पाय ओढला.

"कुठं? हाताएवढ्या जागेत का?"

"नाई मॅडम. इथंच. एवढूसंच."

मला अंकुशची किंकाळी आठवली. चेहरा मुलांपासून लपवण्यासाठी मी खाली मान घालून घड्याळ पुसत बसले.

त्याच दुपारी एसटीनं तिला यवतमाळला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, दाबून पाहिलं आणि म्हणाले, "तडा दिसत नाही, पण सुरुवातीला तो फोटोत दिसतोच असं नाही. हाड दुखावलंय हे नक्की. आता पळणं बंद. आदल्या दिवशी घेऊन या. तेव्हा दुखलं, तर भरती विसरा."

परतीच्या गाडीत वैशाली खिडकीकडे तोंड करून रडत होती. "मॅडम, आठ दिवस पयली नाई त पाय विसरून जातीन."

"पाय काही विसरत नाहीत," मी म्हटलं. "भरतीपर्यंत एक पाऊल पळायचं नाही. पूर्ण आराम."

ठामपणे बोलले खरी, पण रात्री मला झोप लागली नाही. पळवलं तर पाय जाईल, थांबवलं तर वेग जाईल. आधी एकाचा पाय मी घालवला होता. आता हिचं सालही मीच घालवणार की काय, या विचारानं मी पार हवालदिल झाले.

रविवारी दुपारी राहवेना, म्हणून स्कूटी काढून तांड्यावर गेले. दाराला कडी. शेजारची बाई म्हणाली, "दोघी माय-लेकी वावरात गेल्या ना सकायपासून."

वावर लांब नव्हतं. बांधावरून पाहिलं तर बायांच्या रांगेत वैशाली आपली पात, म्हणजे वाट्याची ओळ, वेचत होती. कमरेला ओटी बांधलेली, ती कापसानं फुगून गुडघ्याला लागत होती. कमरेत वाकून ती दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करत होती, आणि सगळा भार पायांवर. माझं डोकं सणकलं. मी कापसातून वाट काढत गेले आणि ओरडलेच, "हा तुझा आराम? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? मी काय सांगितलं होतं?"

सगळ्या बाया थांबून बघू लागल्या. वैशालीचा चेहरा उतरला. पण तिला तिची चूकच कळत नव्हती.

"मॅडम, पयली नाई मी. एक पाऊल नाई पयली, तुमची आन. सायकलबी नाई घेतली. कापूसच त वेचून राह्यली."

"दर रविवारी येतेस?"

"हो. रविवारी आराम रायते ना."

पोरगी खरं बोलत होती. पहिल्या रविवारपासून खरंच बोलत होती. तिच्यासाठी आराम म्हणजे न पळणं. उरलेला दिवस मोकळा, आणि मोकळ्या दिवशी वावरात जायचं, यात विचारण्यासारखं काय होतं? याडी तिच्यासाठी घरी थांबलेली, मग याडी वेचत असताना ती घरी भिंतीला पाय लावून कशी पडेल? दर रविवारी सकाळपासून सूर्य कलेपर्यंत वाकलेली, शेवटी गाठोडं डोक्यावर घेऊन वजनकाट्यापर्यंत चालत जाणारी. आणि सोमवारी पहाटे मी तिला शिट्टी मारून पळवत होते, वर वेळ वाढला म्हणून बोलत होते. वहीत मी नाडीचा रकाना केला, लघवीचा रकाना केला. रविवारी काय केलं, याचा रकाना केला नाही. माझी स्वतःची आई कापूस वेचून आली की चुलीसमोर पाय पसरून कण्हायची, ते पाहत मी मोठी झाले. तरीही मला सुचलं नाही. त्या बायांसमोर मला माझीच लाज वाटली.

याडी कंबर धरून सरळ झाली. हातातला कापूस ओटीत टाकून तिनं शांतपणे विचारलं, "बाई, थे नुसती पडून राह्यली त पास होईन काय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण अशी उभी राहिली तर पाय मोडेल, हे माहीत आहे. एकाचा मोडलेला पाहिलाय मी. माझ्यामुळे."

याडीनं लेकीजवळ जाऊन तिच्या ओटीची गाठ सोडली. "जाय घरी. पडून राह्य."

"याडी, पात अर्धी हाय अजून. कोन वेचन?"

मी पर्स बांधावर ठेवली आणि याडीच्या हातातून ती ओटी घेऊन कमरेला बांधली. बायांमध्ये खसखस पिकली. याडी मात्र हसली नाही. म्हणाली, "पाला नोका येऊ देजा कापसात. मालक बोलते."

लहानपणी वेचलेल्या कापसाच्या भरवशावर मी वाकले होते. पहिल्या अर्ध्या तासात तो भरवसा संपला. बोंडांची वाळलेली टोकं नखांच्या कडेला घुसत होती. कंबर सरळ करावी तर रांग पुढे निघून जायची. याडी स्वतःची पात संपवून माझ्या पातीला समोरून आली, तेव्हा मी निम्म्यातही नव्हते. "मॅडम, शाळेतच बऱ्या होत्या तुमी," एक बाई म्हणाली, आणि या वेळी मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून उठता येईना. मांड्या दगड झालेल्या, पोटऱ्यांत गोळे. सवयीनं मनगट धरून नाडी मोजली. नेहमीपेक्षा चौदानं जास्त. मी वैशालीची वही उघडली आणि तिच्या सोमवारांच्या आकड्यांखाली माझा सोमवार लिहून ठेवला. या अंगानं मला कुणी आठशे मीटर पळायला सांगितलं असतं, तर मी त्याला चपलेनं मारलं असतं.

रविवारी संध्याकाळीच मी वैशालीला माझ्या घरी घेऊन आले होते. चार दिवस ती पडून राहिली. खाणं, झोपणं, भिंतीला पाय. पडून राहण्याचे इतके हाल मी कुणाचे पाहिले नाहीत. मी भांडी घासायला घेतली की ही उठायची. मी डोळे वटारले की परत पडायची. "मॅडम, मले चोरी केल्यावानी वाटून राह्यलं," एकदा म्हणाली. रोज संध्याकाळी मी त्या जागेवर बोट दाबायचे आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायचे. सोमवारी ओठ आवळले. मंगळवारी थोडे कमी. बुधवारी तिनं "नाई दुखत" म्हटलं आणि मी विश्वास ठेवला नाही. गुरुवारी डॉक्टरांनी दाबलं, ठोकून पाहिलं, एका पायावर तीस उड्या मारायला लावल्या. प्रत्येक उडी मी मनात मोजली. डॉक्टर म्हणाले, "पळू दे. पण दुखलं तर त्याच क्षणी थांबायचं."

शुक्रवारी पहाटे याडीही आली. यवतमाळच्या स्टँडवर अंकुशचा ऑटो उभा होता. मी त्याला निरोप दिला होता. मैदानाच्या फाटकाशी वैशाली उतरली, तेव्हा तो मागे वळून तिला म्हणाला, "थे एका बोटाची जागा दुखली ना, त थांबजो व. मी नाई थांबलो." वैशालीनं मान हलवली. मी दुसरीकडे पाहू लागले.

आत फक्त उमेदवारांना सोडतात. आम्ही तिघं जाळीच्या कुंपणाला चिकटून उभे. तिचा गट पळू लागला, तेव्हा मी घड्याळ दाबायचंच विसरले. नजर फक्त डाव्या पायावर होती. पहिल्या फेरीला ती पाचवी-सहावी. दुसरी फेरी सुरू झाली, वळणावर तिनं वेग वाढवला, आणि माझ्या तोंडातून आपोआप "नको, नको" निघत राहिलं. याडीनं जाळीत बोटं अडकवली होती. पलीकडच्या टोकाला सगळ्या मुली एका घोळक्यात रेषेवर गेल्या आणि धूळ उठली.

धूळ बसली तेव्हा मुली जमिनीवर पडलेल्या दिसल्या. एक पाय धरून बसली होती. तिचा शर्ट वैशालीसारखाच निळा होता. मी अंकुशचा दंड धरला.

"थे नोय बाई," याडी म्हणाली. "तिकडं पाह्या. आपली चालून राह्यली."

पडलेल्या मुलींच्या पलीकडे वैशाली कमरेवर हात ठेवून चालत होती. जात होती, वळत होती, परत येत होती, डावा पाय उजव्यासारखाच टेकत. आत कुणीही तिला सांगायला नव्हतं. पूर्ण दहा मिनिटं ती चालली. अंकुशनं जाळीला डोकं टेकवलं होतं. फाटकातून बाहेर आल्यावर तिनं आधी पाय पुढे केला, "दाबून पाह्या मॅडम," आणि मग सांगितलं, "दोन सेहेचाळीस."

लेखी परीक्षा झाली आणि उन्हाळ्यात यादी लागली. यादीत वैशालीचं नाव होतं. पेढे घेऊन मी तांड्यावर गेले, तेव्हा उन्हं कलली होती. याडी भुईमूग काढून नुकतीच आली होती. मला चहा ठेवायला म्हणून ती उठली, तर वैशालीनं तिला खांद्यांना धरून खाली बसवलं, चटईवर आडवं केलं आणि तिचे दोन्ही पाय उचलून भिंतीला लावले. भेगा पडलेल्या टाचा, नडग्यांवर मातीचे ओघळ.

"हे काय व? बाईसमोर?" याडी ओशाळली. "मले काय भरतीत जाचं हाय?"

"याडी, दहा मिनिटं. उठाचं नाई."

वैशालीनं माझ्यापुढे हात केला. मी पर्समधून घड्याळ काढून तिला दिलं. याडी थोडा वेळ पुटपुटत राहिली, मग गप्प झाली, मग तिच्या घशातून बारीक घोरणं ऐकू आलं. घड्याळात दहा मिनिटं भरली, तेव्हा वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं, आणि आम्ही दोघींनी घड्याळ तसंच चालू ठेवलं.